देव्हाऱ्यातला मेंदू

मुळगावात कृष्णनाथ परबांचं घर कुणीही दाखवतं, पण दाखवण्याआधी थोडं हसून घेतं. गावात परब पुष्कळ. हे कॉम्प्युटरवाले परब. वय एकाहत्तर, अंगाने काटकुळे, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर. कुणी बंद पडलेला मिक्सर घेऊन आलं की तो दुरुस्त होतोच, पण आणणाऱ्याला मिक्सरचं जन्मापासूनचं चरित्र ऐकूनच उठावं लागतं. बदल्यात दुसरं काही ते घेत नाहीत. त्यांना फक्त ऐकणारं माणूस लागतं, आणि घरात ते मिळत नाही, कारण प्रभावतीबाईंनी ते सगळं पंचेचाळीस वर्षं ऐकलेलं आहे.

पडवीला लागूनच्या खोलीत, पावसाची झड आत येते त्या जनेलापासून दूर, मेजावर त्यांचा कॉम्प्युटर असतो. आताचा पातळ, मांडीवर बसणारा नव्हे. हा चांगला ट्रंकेएवढा, मूळचा पांढरा आणि आता जुन्या दातांच्या रंगाचा. एका नावाजलेल्या अमेरिकन यंत्राची ही तैवानात केलेली नक्कल. पंच्याऐंशी साली खाणीच्या कंपनीने ती विकत घेतली, तेव्हा कृष्णनाथ तिथल्या प्रयोगशाळेत खनिजात लोखंड किती हे मोजायच्या कामावर होते. यंत्र आलं, पण कंपनीला ज्या प्रोग्रॅममध्ये पत्रं टाइप करायची होती, तो वर्डस्टार ह्या यंत्राला कळेचना. तो दुसऱ्याच जातीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेला. मग मुंबईहून तळहाताएवढं एक हिरवं कार्ड आलं. त्याच्यावर स्वतःचा प्रोसेसर, झेड-एटी नावाचा. झाकण उघडून ते मागच्या खाचेत दाबून बसवलं, की तेच यंत्र निराळं होऊन उठायचं, आणि वर्डस्टार त्याच्यावर बिनबोभाट चालायचा.

"एका डोक्यात दोन मेंदू," कृष्णनाथ सांगत. "दुसरा विचार करायला लागला की पहिला गप्प बसतो. पण फ्लॉपी फिरवायची, कुठची कळ दाबली ते बघायचं, असली धावपळ मात्र पहिल्यालाच करावी लागते."

"म्हणजे आमच्या घरासारखांच," प्रभावतीबाई म्हणत. "विचार तुमी करा, धांवप माझ्याकडे आसा."

पुढे कंपनीत नवी यंत्रं आली आणि जुनं कृष्णनाथांना मिळालं. त्यांनी ते टेंपोतून घरी आणलं ते मांडीवर धरून. गाव हसला तो तेव्हापासून.

तरी एका गोष्टीसाठी गावाने ह्या यंत्राला मानलं होतं. अठ्ठ्याऐंशी साली देवीच्या जत्रेत गावकऱ्यांनी केलेलं नाटक ह्याच यंत्रावर लिहिलं गेलं होतं. आपल्याकडे जत्रा म्हणजे पालखी, खाजं आणि गावातल्याच लोकांचं मराठी नाटक. त्यात राजा, राणी आणि तलवार नसेल तर लोक अर्ध्यावर उठून चहाला जातात. ते नाटक रचलं होतं महादेव गवसाने. दोडामार्गाकडचा हा माणूस खाणीवर ट्रक चालवायचा. शिक्षण चौथी, पण बोलायला लागला की तोंडातून दरबारी मराठी धबाधबा पडायची. लिहायचा मात्र त्याला भारी कंटाळा. मग दर रविवारी खाणीच्या रिकाम्या ऑफिसात महादेव येरझारा घालत सांगायचा आणि कृष्णनाथ टाइप करायचे. यंत्राला देवनागरी ठाऊक नव्हती, म्हणून अख्खं नाटक इंग्रजी अक्षरांत, मराठी भाषेत.

नाटक एका राजाचं. पाहुण्या राजाला खूश करायला हा राजा आपल्या गावावरचा डोंगरच त्याला आंदण देऊन टाकतो आणि राणी भर दरबारात त्याला जाब विचारते. त्या जाबाला मांडवात अशा टाळ्या पडल्या की राजाचं काम करणारा श्रीनाथ पुढचं वाक्य विसरला. नाटक संपल्यावर महादेवाच्या हातात नारळ दिला आणि कृष्णनाथांच्या हातात माइक. माइक हातात आला की माणसाचं काय होतं ते सर्वांना ठाऊक आहेच. कृष्णनाथ गरजले, "कागद वाळवी खाईल, पाऊस खाईल. पण हे नाटक कॉम्प्युटरात आहे! हे कधी हरवायचं नाही. हा माझा शब्द!"

ह्या शब्दाची वसुली सदतीस वर्षांनी, यंदाच्या दसऱ्यानंतर झाली. देवळात जत्रेची बैठक भरली होती. कृष्णनाथांची पुतणी क्षमा डिचोलीच्या शाळेत शिकवते आणि यंदा नाटक बसवायचं काम तिच्याकडे होतं. ती म्हणाली, महादेवकाकांचंच नाटक परत करूया, डोंगराचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. कमिटीच्या कपाटातली प्रत काढली तर हाताला मातीच लागली. वाळवीने तीनही अंक बसल्या जागी संपवले होते. सगळ्यांच्या माना एकदम कृष्णनाथांकडे वळल्या.

"आहे म्हणजे काय, आहेच!" कृष्णनाथ म्हणाले. एवढ्यावर थांबते तर ते कृष्णनाथ कसले? तिथूनच त्यांनी महादेवाला फोन लावला. महादेव आता पेडण्याला लेकीकडे, श्रद्धाकडे राहतो. वय ऐंशीला टेकलेलं. बायको सुलोचना सहा वर्षांमागे गेली, तेव्हापासून बोलणं कमी झालेलं. पण हे ऐकल्यावर फोनमधून त्याचा आवाज अख्ख्या सभामंडपाला ऐकू आला.

"खरा सांगतंस? अरे, राणीचा तां एक वाक्य सोडल्यार माका तिसऱ्या अंकातला एक अक्षर आठवणा नाय. रात-दिस आठवूक बघतंय. आयतवारी येव मी? माका एकदा तां वाचून दाखय, बाबा."

"ये," कृष्णनाथ म्हणाले. तो दिवस सोमवार होता.

घरी येऊन त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. तळाला भाजलेले तांदूळ, ते दमटपणा ओढून घेतात म्हणून दरवर्षी बदललेले. त्यावर कापडात गुंडाळलेल्या दोन फ्लॉप्या. एक यंत्र सुरू करायची, एक नाटकाची. दोन्ही नव्यासारख्या करकरीत. कृष्णनाथांनी मिशीतल्या मिशीत हसत यंत्राचं बटण दाबलं. यंत्राने बीप केलं, हिरवा पडदा उजळला. फ्लॉपी घातली. ती खरखरली, थांबली, आणि पडद्यावर काहीच आलं नाही. पुन्हा घातली. पुन्हा काही नाही. शेवटी झाकण उघडून पाहतात तर मागची खाच रिकामी. कार्ड जाग्यावर नव्हतंच.

आता हे समजून घ्यायला हवं की कार्डाशिवाय ते यंत्र मेलेलं नव्हतं. ते बेरजा करत होतं, सापाचा खेळ खेळत होतं, घड्याळ दाखवत होतं. इतकी वर्षं कृष्णनाथ त्याच्यावर तेवढंच करत आले होते, म्हणून काही नाहीसं झालं आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. फक्त नाटकाची फ्लॉपी त्याला वाचता येत नव्हती. बेंगळुरूला एकजण जुन्या फ्लॉप्या वाचून देतो असं क्षमाने मोबाइलवर शोधून काढलं, पण ती एकुलती एक फ्लॉपी पोस्टात टाकायची कृष्णनाथांची छाती होईना.

त्यांनी घर उलटंपालटं केलं. माळा झाला, कोठी झाली, न्हाणीघरामागची लाकडं झाली. पहिल्या दिवशी त्यांनी भंगारवाल्याला शिव्या घातल्या, दुसऱ्या दिवशी मुंबईला असलेल्या लेकाला फोन करून उगाच त्याच्यावर ओरडले. बुधवारी मात्र ते पडवीत कदेलावर, लाकडी खुर्चीत, बसले आणि त्यांना जेवण जाईना. गावाचं हसणं त्यांना नवीन नव्हतं. पण म्हातारा पेडण्याहून येणार, समोर बसणार, आणि आपण त्याला काय सांगायचं?

"सोमवारसून कितें सोदतात तुमी?" प्रभावतीबाईंनी शेवटी विचारलं.

"कार्ड. कॉम्प्युटराचा. हिरवा, एवढा."

"तुमचो तो मेंदू?" बाई म्हणाल्या. "तो माझ्याकडे आसा." आणि देव्हाऱ्याखालच्या खणातून लाल फडक्यातली पुरचुंडी काढून त्यांनी त्यांच्यापुढे ठेवली.

कृष्णनाथांनी फडकं सोडलं. मग एकेक आठवत गेलं. नव्याण्णव साली घराची कौलं परतायला काढली होती आणि यंत्र ताडपत्रीत बांधून ठेवलेलं होतं. दसरा आला. घरातली सगळी हत्यारं पुजायची, कोयत्यापासून शिवणयंत्रापर्यंत, मग कॉम्प्युटरच का राहावा? बाईंनी हट्ट धरला, तेव्हा ताडपत्रीत हात घालून कृष्णनाथांनी कार्ड उपसून दिलं होतं आणि वर म्हटलं होतं, "हे घे, हाच खरा मेंदू, हाच पूज." बाईंनी ऐकलं. दर दसऱ्याला त्या पुरचुंडी सोडायच्या, कार्डाला गंध लावायच्या, हळद-कुंकू वाहायच्या, अक्षता टाकायच्या आणि झेंडूच्या फुलांनी झाकून टाकायच्या. कृष्णनाथ शेवटी येऊन फुलांच्या ढिगाला नमस्कार करायचे आणि खीर कुठे आहे म्हणून विचारायचे. गेल्या आठवड्यातसुद्धा केला होता.

"मगे आधी विचारूंक नाय माका?" बाई म्हणाल्या.

कार्ड मिळालं, पण त्याचा अवतार बघवत नव्हता. सव्वीस वर्षांचं ओलं गंध आणि कुंकू त्याच्या सोनेरी दात्यांवर बसून घट्ट झालं होतं. दाते कृष्णनाथांनी खोडरबराने घासले. घासता घासता सोनं दिसू लागलं. पण मधला झेड-एटी हलकेच उचलायला गेले तर त्याचे दोन पाय हिरवे होऊन तुटूनच हातात आले. प्रभावतीबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडला.

"मी मारलो त्याका?"

"तू सांभाळलंस," कृष्णनाथ म्हणाले. "माझ्याकडे असतं तर भंगारात गेलं असतं. तू पुजलंस म्हणून घरात राहिलं." मग त्यांना राहवेना. "पण इतकं हळद-कुंकू लावलंस, की कार्ड पुरतं सवाष्ण झालं बघ." बाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि दोघंही तीन दिवसांत पहिल्यांदा हसली.

आता दुसरा झेड-एटी आणायचा कुठून? डिचोलीच्या मोबाइलवाल्याला विचारलं तर त्याने हे कुठल्या गाडीचं मॉडेल म्हणून विचारलं. टपालाने मागवायचा तर आठवडा जाणार. कृष्णनाथ गुरुवारभर विचार करत होते, आणि संध्याकाळी चहाचा कप अर्ध्यावर ठेवून उठले. हा प्रोसेसर त्या काळात नुसत्या कॉम्प्युटरांत नसायचा. वजनाच्या काट्यांतही असायचा. खाणीच्या फाटकावर भरलेले ट्रक ज्या काट्यावर चढायचे, त्याचा आकडे दाखवणारा डबा कृष्णनाथांनी स्वतः दोनदा उघडून साफ केला होता, आणि आत झेड-एटी होता. काटा मोडीत निघाला तेव्हा तो डबा काट्यावरच्या कारकुनाने, अनंताने, आठवण म्हणून मयेला घरी नेला होता.

अनंताच्या शोकेसमध्ये तो डबा होता खरा, टीव्हीच्या बाजूला, वर गणपती ठेवलेला. कृष्णनाथांनी मागणं घातलं तसा अनंत डब्यापुढे उभाच राहिला.

"आमचो काटो कधी खोटो पडलो नाय, परब. वीस वर्सां. त्याचें काळीज काढून दितलो मी?"

"काळीज नव्हे, मेंदू," कृष्णनाथ म्हणाले. "आणि कुणासाठी मागतोय ते बघ. महादेव गवसाचा ट्रक किती हजार वेळा तोलला असेल ह्याने? आता त्याचं नाटक वाचायचं आहे."

अनंताने डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाला, "त्या नाटकात राजाच्या दारार एक शिपाय आशिल्लो न्हय? दोन वाक्यां आसात त्याका. तें काम माका जाय."

कृष्णनाथांनी क्षमाला न विचारता ते काम तिथल्या तिथे देऊन टाकलं. गणपती उतरवला, डबा उघडला. आत झुरळांची अंडी होती आणि मधोमध तो चाळीस पायांचा काळा चौकोन, जसाच्या तसा.

शनिवारी दुपारी कार्ड खाचेत बसलं. बटण दाबण्याआधी प्रभावतीबाई तबक घेऊन आल्या, तेव्हा कृष्णनाथांनी दोन्ही हात आडवे धरले. शेवटी कुंकू झाकणाच्या बाहेरच्या बाजूला लावायचं ठरलं. फ्लॉपी खरखरली. थांबली. पुन्हा खरखरली, आणि हिरव्या पडद्यावर डाव्या कोपऱ्यात एक अक्षर येऊन उभं राहिलं, त्याच्या पाठोपाठ दुसरं. कृष्णनाथांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

नाटक मात्र त्यांनी उघडलं नाही. ते महादेवाबरोबरच बघायचं, असं ठरवलं होतं.

रविवारी सकाळी महादेव आला, लेकीच्या स्कूटरवर मागे बसून, धुतलेला सदरा घालून. श्रद्धाने त्याला हात धरून कदेलावर बसवलं. क्षमा मोबाइल घेऊन पडद्याचे फोटो काढायला उभी राहिली. कृष्णनाथ मोठ्याने वाचू लागले. पहिला प्रवेश, दरबार, शिपायाची दोन वाक्यं. महादेवाचे ओठ बरोबर हलत होते. मग कृष्णनाथ मध्येच अडखळले.

एका ओळीच्या सुरुवातीला दोन ठिपके होते आणि पुढे लिहिलं होतं: 'वहिनी भाकरी घेऊन आली. सुक्या सुंगटांची किसमूर आहे. थांबतो.'

"ह्यां काय?" महादेवाने विचारलं.

कृष्णनाथांनी कपाळावर हात मारला. ते स्वतःच विसरले होते. वर्डस्टारमध्ये ओळीच्या आधी दोन ठिपके दिले, की ती ओळ फ्लॉपीत राहते, पण छापताना कागदावर येत नाही. तरुणपणीची मस्करी; महादेव सांगायचा थांबला की मधल्या वेळात जे कानावर पडेल ते कृष्णनाथ ठिपके देऊन टाइप करून टाकायचे. आणि रविवारी दुपारी डबा घेऊन सुलोचना यायची. यायची ती नाटक ऐकत दाराशी बसायची.

ठिपक्यांच्या ओळी येत राहिल्या. 'वहिनी म्हणते, ह्या राजाचा थोबाड फोडूक होया.' 'वहिनी म्हणते, राणी एवढा रडता कित्याक? तिका काय काम नाय?' श्रद्धा हसत सुटली. आईचा आवाज अगदी कानाशी ऐकू आल्यासारखं तिला झालं. महादेवही हसला. पडद्याकडे वाकून तो म्हणाला, "अशीच बोलायची गो ती."

मग तिसरा अंक. राणी दरबारात येते. राणी काय बोलते ते वाचण्याआधी पुन्हा ठिपके आले, ओळीमागून ओळ. कृष्णनाथांचा आवाज आपोआप उतरला.

'वहिनी म्हणते, डोंगर दिलास, आता पावसाक खय थांब म्हणान सांगू?'

'महादेव म्हणतो, तुका काय कळता नाटकातला? गप रव.'

'पाच मिनिटं सगळे गप्प.'

'महादेव म्हणतो, बरां, घाल तां.'

आणि त्याच्याखाली, ठिपक्यांशिवाय, राणीचं ते गाजलेलं वाक्य: 'महाराज, डोंगर दिलात, आता पावसाला कुठे थांबायला सांगू?'

महादेवाने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, आणि घातलाच नाही.

"सदतीस वर्सां," तो म्हणाला. "लोक येवन सांगत, महादेवा, काय वाक्य लिवलंस! आणि मी मान हलवत रवलंय. मान हलवून हलवून माका पण तां माझाच वाटूक लागला."

"आणि ती?" प्रभावतीबाईंनी विचारलं.

"एक शब्द नाय. उलट पंगतीत बायकांका सांगायची, आमच्या ह्यांनी लिवला." तो पडद्याकडे वळला. "कृष्णनाथा, ह्या ओळी कागदार येवच्या नाय म्हणतंस?"

"ठिपके आहेत तोवर नाही."

"मगे काढ ठिपके. राणीचा वाक्य तिच्याच तोंडचा ऱ्हवांदे, जसा ती बोलली तसा. आणि पयल्या पानार माझ्या नावाच्या आधी तिचा नाव घाल."

कृष्णनाथांनी कर्सर त्या ओळीच्या आरंभी नेला. दोनदा कळ दाबली. ठिपके गेले. मग 'वहिनी म्हणते' पुसलं, खालचं दरबारी वाक्य पुसलं, आणि सुलोचनेची ओळ सरकून राणीच्या जागी येऊन बसली.

जत्रेच्या हँडबिलावर लेखक म्हणून सुलोचना गवस आणि महादेव गवस अशी दोन नावं आली. अनंत शिपायाने आपली दोन वाक्यं चार वेळा म्हटली आणि त्याला आत ओढून न्यावं लागलं. तिसऱ्या अंकात, सगळं दरबारी मराठी चाललेलं असताना, राणी राजासमोर उभी राहिली आणि घरातल्या बोलीत म्हणाली, "डोंगर दिलास, आता पावसाक खय थांब म्हणान सांगू?" टाळ्या पडल्या त्या आधी बायकांच्या बाजूने. पुढच्या रांगेतल्या लोकांनी नेहमीप्रमाणे वळून महादेवाकडे पाहिलं. ह्या वेळी त्याने मान हलवली नाही. तो मागे, बायका बसल्या होत्या तिकडे, बघत होता.